जुळणी: वैज्ञानिक चित्रं मोजणाऱ्या सॉफ्टवेअरचा आडवाटेनं इतिहास



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी फोन करून विचारलं, "सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि आता सॉफ्टवेअर इन्स्टॉल होत नाही याचा इतिहास सांगणार?" प्रश्न रास्त आहे. आम्ही संगणकाचे जाणकार नाही. पण अमुक ज्ञान खरं आहे हे कशावरून ठरवायचं, या एका प्रश्नावर आम्ही वर्षानुवर्षं खडू झिजवला. आणि निवृत्तीनंतर त्या प्रश्नाचं सगळ्यात जिवंत उदाहरण आम्हाला ग्रंथात नाही, आमच्याच गल्लीत भेटलं. तिथूनच सुरुवात करू.

हिंगोलीत आमच्या घरापासून चार घरं सोडून राहणारी एक मुलगी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होती. आपल्या जिल्ह्यात, विशेषतः वसमतकडे, हळद किती पिकते हे तुम्हाला सांगायला नको. तिचा प्रकल्प हळदीच्या पानावर पडणाऱ्या करप्याचा होता. पानं तोडायची, पांढऱ्या कागदावर फूटपट्टीशेजारी ठेवायची, फोटो काढायचा, आणि पानाचा किती टक्के भाग करपलाय ते सॉफ्टवेअरनं मोजायचं. डोळ्यानं अंदाज करण्यापेक्षा हे बरं. दोन माणसांचे अंदाज जुळत नाहीत. कॉलेजच्या संगणकावर हे काम चालत होतं. प्रबंध देण्याची तारीख आठ दिवसांवर आली, कॉलेजला सुट्ट्या लागल्या आणि स्वतःच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर काही केल्या उघडेना. ती आमच्याकडे आली. तत्त्वज्ञानासाठी नव्हे. "सर, तुमचं नेट चांगलं चालतं म्हणून आले," असं तिनं स्वच्छ सांगितलं.

तीन संध्याकाळी आम्ही दोघं त्या लॅपटॉपसमोर बसलो. पहिला दोष अर्ध्या तासात सापडला. उतरवून घेतलेली झिप फाइल न सोडवताच ती आतून प्रोग्रॅम चालवू पाहत होती. धान्याचं पोतं न उसवता पायली भरायला बसावं, तसं. ते सोडवलं. मग तिनं सगळा फोल्डर उचलून 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये टाकला, कारण बाकी सगळे प्रोग्रॅम तिथेच असतात. तिथे संगणक कुणाला सहजासहजी लिहू देत नाही, आणि हे सॉफ्टवेअर तर स्वतःच्या फोल्डरातच नवे भाग आणून ठेवतं. त्यामुळे ते उघडायचं, पण अद्ययावत होताना अडायचं. फोल्डर तिच्या स्वतःच्या जागेत हलवला, ते मिटलं. तिसरा दोष ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. फोटो ठेवलेल्या फोल्डरचं नाव तिनं देवनागरीत 'हळद' असं दिलं होतं. मुख्य प्रोग्रॅमला त्याचं काही नव्हतं, पण तिला लागणाऱ्या एका जुन्या प्लगइनला ती अक्षरं वाचता येईनात आणि तो "फाइल सापडत नाही" म्हणून थांबायचा. फाइल डोळ्यांसमोर आणि हा म्हणतो सापडत नाही! आमच्या मातृभाषेची ही अवस्था पाहून आम्ही जरा चिडलो. तिनं शांतपणे फोल्डरचं नाव रोमन लिपीत लिहिलं आणि काम पुढे नेलं.

इथपर्यंतचे दोष हे, आम्ही म्हणू, प्रामाणिक दोष. ते ओरडून सांगतात की आम्ही आहोत. खरी गोष्ट दुसऱ्या संध्याकाळी घडली. सॉफ्टवेअर सुरळीत चालू झालं, तिनं कॉलेजात मोजलेलंच एक पान तपासणीसाठी पुन्हा मोजलं. कॉलेजात आकडा आला होता ११ टक्के. आमच्या ओट्यावर आला ८९. पान तेच, फोटो तोच, सूचनांची यादीही तीच.

ती रडकुंडीला आली. आम्ही कागदावर ते दोन आकडे एकाखाली एक लिहिले आणि निव्वळ सवयीनं बेरीज केली. शंभर. मग काय ते लक्षात आलं. संगणकानं चुकीचं मोजलं नव्हतं, उलटं मोजलं होतं: डागांऐवजी निरोगी भाग मोजला होता. सॉफ्टवेअरच्या एका आतल्या खिडकीत एक चौकट असते. पार्श्वभूमी काळी धरायची की नाही, एवढंच ती सांगते. कॉलेजच्या संगणकावर कुणीतरी कधीतरी तिथे खूण केलेली होती. हिच्या लॅपटॉपवर नव्हती. तिच्या सूचनांच्या यादीत या चौकटीचा उल्लेखच नव्हता, कारण ती खूण तिनं केलेलीच नव्हती. तिला ती दिसलीही नव्हती.

ती खूश होऊन घरी गेली, पण आमची झोप उडाली. हा दोष सापडला तो ११ आणि ८९ मध्ये जमीन-अस्मानाचं अंतर होतं म्हणून. एखादं पान निम्मं करपलेलं असतं, आकडे ४८ आणि ५२ आले असते, तर? कुणालाच काही कळलं नसतं. तो आकडा प्रबंधात गेला असता, तिथून कदाचित एखाद्या शेतकरी मेळाव्यातल्या भाषणात.

तेव्हापासून आम्ही या प्रश्नाचा इतिहास वाचायला घेतला. विज्ञानाच्या इतिहासात चित्रं कशी काढली हे पानोपानी असतं. ती चित्रं मोजणारं यंत्र कुणी जुळवलं, कसं जुळवलं, ते बहुधा तळटीपेतही नसतं.

चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता, ही कल्पना सगळ्यात आधी अंगवळणी पडलेल्यांत खगोलशास्त्रज्ञ येतात. १९७० च्या दशकात प्रत्येक वेधशाळेचा संगणक निराळा, त्याची आकडे लिहिण्याची रीत निराळी. एका वेधशाळेची चुंबकीय फीत दुसरीकडे नेली की तिथे ती वाचता यायची नाही. यावर तोडगा म्हणून १९७९ च्या सुमारास एक सामाईक मांडणी ठरली आणि १९८१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिचं नाव फिट्स. तिची घडण पाहण्यासारखी आहे. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर साध्या अक्षरांत माहिती लिहायची: चित्र किती रुंद, किती उंच, कोणत्या दुर्बिणीचं, कधीचं. प्रत्येक ओळ ८० अक्षरांची, कारण त्या काळच्या छिद्रांच्या कार्डावर ८० अक्षरं मावत. आणि फाइलचे तुकडे २८८० बाइटचे, कारण तेव्हा वापरात असलेल्या नाना प्रकारच्या संगणकांच्या शब्दलांबीला या आकड्यानं भाग जात असे. कार्डं गेली, ते संगणक भंगारात गेले. ८० आणि २८८० अजून आहेत. ज्यांनी ही मांडणी केली त्यांनी चित्राबरोबर चित्राची कुंडलीही बांधून दिली, हे आम्हाला फार शहाणपणाचं वाटतं.

पण इथेही एक गंमत आहे. फिट्सच्या रीतीप्रमाणे चित्राचा पहिला ठिपका डाव्या हाताला खाली. आपल्या नेहमीच्या फोटोत पहिला ठिपका डाव्या हाताला वर. ज्या सॉफ्टवेअरला हे सांगितलेलं नाही, त्यात आकाश उलटं दिसतं. आपल्या औंढ्याची कथा तुम्हाला ठाऊकच आहे. नामदेवांना कीर्तन करू दिलं नाही, ते देवळामागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. औंढ्याला नंदी पुढे का नाही, असं लहानपणी विचारलं की आजी हीच कथा सांगायची. देऊळ फिरलं तर निदान नंदी जागेवर राहतो आणि काय झालं ते आपल्याला कळतं. चित्र फिरलं आणि त्यात ओळखीची खूण नसेल, तर कळायला मार्ग नाही.

याच सुमारास दोन मोठ्या प्रणाली तयार झाल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेत १९७८ च्या आसपास 'एप्स'चं काम सुरू झालं. रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींतून चित्र तयार करणारी ही प्रणाली. आणि ॲरिझोनातल्या किट पीक वेधशाळेच्या मंडळींनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला 'आयराफ' लिहायला घेतली, ती साध्या दुर्बिणींच्या चित्रांसाठी. पुण्यात १९८८ मध्ये जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली आयुका उभी राहिली, आणि १९९० च्या दशकात गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं नारायणगावजवळ खोडदला ३० अँटेनांची जीएमआरटी. त्या पिढीत खगोलशास्त्र शिकणं म्हणजे आधी या प्रणालींशी झगडणं असे. आयराफचं एक उदाहरण देतो. ती सुरू करण्याआधी एक आज्ञा द्यायची, त्यातून लॉगिनची एक छोटी फाइल तयार व्हायची. त्या फाइलमध्ये एक ओळ असे, पडद्यावर चित्र केवढं धरायचं याची. मूळची मांडणी ८०० बाय ८०० ठिपक्यांची. पुढे कॅमेरे २०४८ ठिपक्यांचे झाले, पण ती ओळ जुनीच राहिली की चित्राच्या कडा पडद्यावर येतच नसत. नवशिक्याला वाटे, दुर्बिणीनंच एवढं टिपलं. आकाश फाइलमध्ये पूर्ण असे, खिडकी तेवढी लहान.

आयराफचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. तिचा बराच भाग ३२ बिटांच्या जमान्यात लिहिलेला होता. संस्थेनं हळूहळू हात काढून घेतला, २०१९ मध्ये मॅकच्या नव्या प्रणालीनं ३२ बिटांचे प्रोग्रॅम चालवणंच बंद केलं, आणि ज्यांच्या आयुष्यभराच्या सूचना आयराफमध्ये लिहिलेल्या होत्या ते उघड्यावर पडले. मग वापरणाऱ्यांनीच एकत्र येऊन ती सांभाळायला घेतली. वाड्याचे मालक शहरात गेले आणि भाडेकरूंनी वर्गणी काढून कौलं फेरली, असा प्रकार.

आता सूक्ष्मदर्शकाकडे वळू, कारण आमच्या गल्लीतली गोष्ट तिकडची आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रॅसबँड नावाचे एक गृहस्थ होते. १९८७ मध्ये त्यांनी मॅकिंटॉशवर चालणारं 'एनआयएच इमेज' लिहिलं आणि ते सगळ्यांसाठी फुकट खुलं केलं. त्याआधी चित्रं मोजणारी यंत्रणा म्हणजे मोठ्या प्रयोगशाळेची चैन होती. टेबलावरच्या संगणकावर हे काम होतंय म्हटल्यावर ते जगभर गेलं. अडचण एकच, ते मॅकचं. बाकीच्यांनी काय करायचं? म्हणून १९९७ मध्ये रॅसबँड यांनी ते जावा या भाषेत नव्यानं लिहिलं आणि नाव ठेवलं 'इमेजजे'. तेव्हा जावाचा डंका असा होता की प्रोग्रॅम एकदा लिहा आणि कुठल्याही संगणकावर चालवा.

इतिहासाला असला डंका आवडत नाही. प्रोग्रॅम कुठेही चालेल हे खरं ठरलं, पण त्यासाठी प्रत्येक संगणकावर जावा असायला हवी, योग्य आवृत्तीची असायला हवी, ३२ बिटांची की ६४ बिटांची ते जुळायला हवं. ३२ बिटांच्या जावाला थोडीच स्मृती वापरता येते, मग मोठं चित्र उघडलं की "मेमरी संपली". आठ जीबीचा लॅपटॉप आणि मेमरी संपली कशी, असं विचारणारे आम्हीही होतो. संगणकात किती आहे याला अर्थ नाही, प्रोग्रॅमला किती दिली आहे ते पाहावं लागतं. तो आकडा सेटिंगमध्ये हातानं वाढवावा लागतो. त्यात प्लगइनची भर. एकाला दुसरं हवं, दुसऱ्याला तिसऱ्याची जुनी आवृत्ती हवी. शेवटी युरोपातल्या काही जीवशास्त्र-प्रयोगशाळांतल्या तरुणांनी इमेजजे, जावा आणि नेहमीचे प्लगइन यांचं एकच गाठोडं बांधलं. त्याचं नाव फिजी. २०१२ मध्ये त्यावरचा निबंध 'नेचर मेथड्स'मध्ये आला. नवा शोध म्हणावा असं त्यात सूत्र नाही, समीकरण नाही. इन्स्टॉल करताना लोक कुठे अडतात हे पाहून त्यांनी ते गाठोडं बांधलं. आणि आज जीवशास्त्राच्या किती निबंधांखाली फिजीचा उल्लेख असतो पाहा. आमच्या गल्लीतल्या मुलीकडे होतं तेही हेच.

त्याच २०१२ साली आणखी एक निबंध 'प्लॉस वन'मध्ये प्रसिद्ध झाला. आम्हाला विचाराल तर तत्त्वज्ञानाच्या वर्गात तो सक्तीनं वाचायला लावावा. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी एक साधी गोष्ट केली. मेंदूच्या एमआरआय चित्रांवरून मेंदूच्या भागांचं आकारमान मोजणारं फ्रीसर्फर नावाचं सॉफ्टवेअर आहे. त्यांनी तीच चित्रं त्याच सॉफ्टवेअरच्या तीन आवृत्त्यांतून काढली. वेगवेगळ्या बनावटीच्या संगणकांवर काढली. मॅकच्या प्रणालीच्या दोन आवृत्त्यांवर काढली. माणसं तीच, मेंदू तेच. आवृत्ती बदलली की आकारमानात सरासरी ८.८ टक्के फरक पडला, काही भागांत तर ६४ टक्क्यांपर्यंत. नुसता संगणक किंवा त्याची प्रणाली बदलली तरी फरक पडला, साधारण याच्या निम्मा. आता विचार करा. एखाद्या आजारात मेंदूचा अमुक भाग आक्रसतो का, हे पाहणारा अभ्यास चार-पाच वर्षं चालतो. मध्येच कुणीतरी प्रयोगशाळेचा संगणक अद्ययावत केला, तर आक्रसलं काय? मेंदू की आवृत्ती? त्या संशोधकांनी बजावलं की एका अभ्यासात मध्येच आवृत्ती किंवा यंत्र बदलू नका, आणि काय वापरलं ते निबंधात लिहा.

इथे आम्हाला आमचा जुना वर्ग आठवतो. भारतीय प्रमाणशास्त्रात पीतशंखाचं उदाहरण येतं. शंख पांढरा असतो, पण कावीळ झालेल्याला तो पिवळा दिसतो. त्याचे डोळे उघडे आहेत, शंख समोर आहे, उजेड आहे. दोष पित्ताचा आहे, आणि तो त्याला आतून दिसत नाही. कुमारिल भट्टांचे मीमांसक म्हणत, ज्ञान झालं की ते स्वतःच प्रमाण. ते खोटं ठरवायचं तर कारणात दोष आहे हे तरी कळायला हवं, नाहीतर त्याला बाध आणणारं दुसरं ज्ञान तरी यायला हवं. नैयायिक म्हणत, नाही, प्रामाण्य बाहेरून ठरतं. पाणी आहे असं वाटलं तर जाऊन पिऊन पाहा, तहान भागली तर पाणी. आम्ही वर्षानुवर्षं हा वाद फळ्यावर दोन रकान्यांत लिहिला. मुलं पाठ करायची, गुण मिळवायची, विसरायची. हे सांगताना जरा लाज वाटते, पण वादाचा खरा चिमटा आम्हाला स्वतःलाच ओट्यावर त्या रात्री बसला. आपण बहुतेक सगळे मीमांसकांसारखे जगतो. सॉफ्टवेअर इन्स्टॉल झालं, आकडा आला, तो खरा. बाध आला तर बघू. ८९ हा बाध मोठ्यानं आला. ४८ आला असता तर आला नसता. म्हणून मोजण्याच्या कामात तरी आम्ही आता नैयायिकांच्या बाजूला झुकलो आहोत. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं चित्र यंत्राला आधी द्यावं. तिसऱ्या संध्याकाळी त्या मुलीनं तेच केलं. पांढऱ्या कागदावर काळ्या कागदाचे मोजून कापलेले चौकोन चिकटवले, त्यांचा फोटो काढला, आणि सॉफ्टवेअर किती सांगतं ते पाहिलं. ही युक्ती तिची, आमची नाही.

बरं, आता औंढ्याकडे येऊ. तुमच्यापैकी बरेच जण त्यासाठीच थांबले असणार.

लायगो-इंडिया आपल्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार, हे आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तत्त्वतः मान्यता दिली, ६ एप्रिल २०२३ रोजी २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी मिळाली. एल आकाराच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यात लेसरचा प्रकाश, आणि गुरुत्वीय लहर गेली की भुजांच्या लांबीत अणुकेंद्रापेक्षाही कितीतरी पटींनी सूक्ष्म असा फरक. तुम्ही म्हणाल, यात चित्र कुठे आलं? लायगो काही फोटो काढत नाही. पण त्याच्या नोंदींचं चित्रच करून पाहतात. आडव्या दिशेला वेळ, उभ्या दिशेला कंपनसंख्या, आणि जिथे ऊर्जा जास्त तिथे रंग उजळ. दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली की या चित्रात खालून वर चढत जाणारी एक वक्ररेषा उमटते. आणि त्याच चित्रात उपकरणाच्या आजूबाजूचे सगळे उपद्रवही उमटतात. तिकडे त्यांना 'ग्लिच' म्हणतात. आम्ही खोडी म्हणतो.

या खोड्या इतक्या येतात की माणसांना पाहून पुरत नाही. म्हणून २०१६ मध्ये 'ग्रॅव्हिटी स्पाय' नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात जगभरातले सामान्य लोक घरबसल्या ही चित्रं पाहून त्यांची वर्गवारी करतात, आणि त्यावरून संगणक शिकतो. प्रत्येक खोडी अर्धा, एक, दोन आणि चार सेकंद अशा चार खिडक्यांतून दाखवतात, कारण एका खिडकीत ठिपका वाटणारी गोष्ट दुसरीत रेघ निघते. वर्गांची नावं मोठी गोड आहेत: कोई मासा, शिट्टी, कबुतरांची जोडी. एक वर्ग निव्वळ विजेच्या तारांचा आहे. आणि हॅनफर्डला तर डोमकावळ्यांनी खोडी काढली होती. द्रवनायट्रोजनच्या नळीवर साचलेल्या बर्फावर ते चोच मारत; ती टकटक नोंदींमध्ये यायची. नळीवर चोचीच्या खुणा सापडल्या, मग माणसांनी तसंच टोकून पाहिलं, नोंद जुळली, तेव्हा कुठे कावळ्यांवर आरोप सिद्ध झाला.

या विषयात दोन तारखा आम्हाला फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली १४ सप्टेंबर २०१५. आपल्याकडे दुपारचे सव्वातीन वाजून गेले होते. पहिली गुरुत्वीय लहर आली तेव्हा अधिकृत निरीक्षण सुरूही झालेलं नव्हतं, उपकरणाची जुळवाजुळव चालली होती. लहर पाहिल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारला गेला? "कुणी खोटा संकेत मुद्दाम घातलाय का?" कारण परीक्षा म्हणून असे संकेत घालण्याची रीत तिथे होती. नाही असं उत्तर आल्यावर त्यांनी एक गोष्ट केली, ती बातम्यांत फारशी आली नाही. दोन्ही उपकरणांची मांडणी होती तशी गोठवली. काही सुधारायचं नाही, काही बदलायचं नाही. त्याच मांडणीत पुरेशी नोंद जमल्याशिवाय, असला योगायोग निव्वळ गोंगाटातून किती वेळा घडू शकतो, हे सांगताच आलं नसतं. त्या पहिल्या निबंधातला हिशेब अशा १६ दिवसांच्या नोंदींवर उभा आहे. एवढा मोठा शोध हाताशी असताना आणखी चांगलं करण्याचा मोह आवरणं सोपं नसतं. मास्ट्रिख्टवाल्यांनी मेंदूच्या चित्रांबद्दल जे बजावलं, तेच हे.

दुसरी तारीख १७ ऑगस्ट २०१७, आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजून अकरा मिनिटं. दोन न्यूट्रॉन तारे विलीन झाले. स्वयंचलित प्रणालीनं हॅनफर्डचा संकेत पकडला, लिव्हिंगस्टनचा पकडला नाही. खरं तर लिव्हिंगस्टनमध्ये संकेत जास्त ठळक होता! पण विलीनीकरणाच्या १.१ सेकंद आधी तिथे एक मोठी खोडी उमटली होती, आणि अशी नोंद वगळायची अशी त्या प्रणालीची मांडणी. मग माणसांनी ते चित्र उघडून डोळ्यांनी पाहिलं. खोडीच्या उभ्या फराट्यामागून वर चढत जाणारी रेषा स्पष्ट दिसत होती. त्यानंतर आकाशातली जागा नक्की करता आली आणि अकरा तासांच्या आत दुर्बिणींना तो प्रकाश सापडला. पुढे खोडदच्या जीएमआरटीनंही त्या जागेचा पाठपुरावा केला. गाळणारी प्रणाली बिघडली नव्हती, बरं का. तिला सांगितलं होतं तेच तिनं केलं. सांगताना असा प्रसंग कुणाच्या डोक्यात नव्हता.

आता हे हिंगोलीत येईल तेव्हा? अमेरिकेत घराघरांतली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. म्हणजे विजेच्या तारांची खोडी इथल्या चित्रात निराळ्या जागी बसणार. तिकडच्या चित्रांवर शिकलेल्या संगणकाला इथली रेघ पुन्हा शिकवावी लागेल. इथला पाऊस, इथले ट्रॅक्टर, रात्री एकदम सुरू होणारे शेतीपंप, औंढ्याची महाशिवरात्रीची यात्रा, आणि हो, इथले कावळे, यांची चित्रं अजून कुठल्याच संग्रहात नाहीत. ती कुणीतरी बसून पाहायची आहेत, नावं द्यायची आहेत. गावात लोक आम्हाला विचारतात, "सर, आपल्या पोरांना तिथे काय काम मिळेल? चौकीदारी?" आम्ही त्यांना त्या लॅपटॉपची गोष्ट सांगतो. ऐकून घेतात. पटतं की नाही, सांगता येत नाही.

त्या मुलीचं पुढचं सांगायचं राहिलं. तिनं प्रबंधात एक पान जोडलं. सॉफ्टवेअरची आवृत्ती, जावाची आवृत्ती, पार्श्वभूमीच्या चौकटीत खूण आहे की नाही, डाग आणि पान वेगळं करायला कोणती रीत वापरली (तिनं ओत्सू यांची, १९७९ ची वापरली होती), एका मिलिमीटरला किती ठिपके, फोटो किती उंचीवरून काढला, काळ्या चौकोनांची चाचणी किती जुळली. मार्गदर्शकांना ते पान अनावश्यक वाटलं, "हे कशाला, हे काय संशोधन आहे का?" असं ते म्हणाले. तिनं वाद घातला नाही. पान परिशिष्टात ढकललं आणि बांधून दिलं.

मागच्या पावसाळ्यात तिच्याच कॉलेजातला खालच्या वर्गातला एक मुलगा त्या पानाची झेरॉक्स घेऊन आमच्याकडे आला. त्याचे आकडे तिच्या आकड्यांशी जुळत नव्हते. आम्ही अनुभवी माणसाच्या थाटात विचारलं, "बेरीज करून पाहिलीस का?" त्यानं केली होती. शंभर येत नव्हती. पानावरची एकेक ओळ आम्ही दोघांनी ताडून पाहिली, सगळं जुळत होतं. शेवटी उंचीच्या ओळीवर आल्यावर त्याला विचारलं, फोटो काढले कुणी? म्हणाला, शेतावर मोठ्या भावानं काढले आणि मोबाइलवरच्या मेसेजच्या ॲपमधून पाठवले. ते ॲप फोटो दाबून लहान करून पाठवतं. डागांच्या कडा तिथेच पुसल्या गेल्या होत्या, आणि एका मिलिमीटरला किती ठिपके हा आकडाही आता खोटा होता. त्यानं भावाला फोन लावला, मूळ फोटो केबलनं उतरवून आण म्हणून सांगितलं, आणि त्या झेरॉक्सच्या तळाशी पेननं आणखी एक ओळ लिहिली.

इथे थांबतो. वेळ आहे, प्रश्न असतील तर घेऊ.